तू तर घरचीच!

आमची आजी २०२२ सालच्या मार्गशीर्षात वारली. चार दिवसांनी मृत्यूची नोंद करण्यासाठी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो, तेव्हा अर्जातल्या दोन रकान्यांपाशी हात थांबला. पहिला रकाना जन्मतारखेचा. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३५ अशी होती. ज्यांच्यापाशी जन्माचा दाखला नाही, त्यांच्या वाट्याला कार्डावर पुष्कळदा अशी पहिली जानेवारी येते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. वर्षाचा आकडाही कोणीतरी अंदाजानेच सांगितलेला असावा. आम्ही तोच उतरवला आणि कारकुनाने 'वय ८७' असे लिहिले. दुसरा रकाना होता मृत व्यक्तीच्या आईच्या नावाचा. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आजीच्या आईचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते; सोबत आलेल्या काकांनाही ठाऊक नव्हते. तो रकाना कोराच राहिला.

आम्ही म्हणजे आते-मामे भावंडे. एक तिच्या थोरल्या मुलाचा मुलगा, दुसरी तिच्या धाकट्या मुलीची मुलगी. एक जळगावला महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरी धुळ्याला. दोघांचेही एम. ए. मराठीत झालेले, दोघांच्याही अभ्यासक्रमात लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका होती आणि आता ती आम्हीच शिकवतो. साहित्याचे आणि इतिहासाचे साधन कशाला म्हणावे, यावर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हां दोघांना घरातल्या सर्वांत जुन्या साधनाविषयी साधे दोन रकाने भरता आले नाहीत. हा लेख त्या दोन रकान्यांविषयी आहे.

*

आजीच्या बोलण्यात इसवी सन कधी आला नाही. काळ ती घटनांवरून धरीत असे. घरात आम्ही तिला 'मोठी माय' म्हणायचो. मोठ्या मायचे लग्न झाले ते 'खजिना लुटला त्या उन्हाळ्यात'. तिचे माहेर शिंदखेडा तालुक्यातले. १४ एप्रिल १९४४ रोजी त्याच तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी मोटार अडवून क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम लुटली. सातारच्या प्रतिसरकारातले जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी, खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांचे सहकारी यांचे हे धाडस. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. गावोगाव पोलीस फिरत असताना आपल्या लग्नाची बैलगाडी कशी निघाली, वऱ्हाडातल्या पुरुषांना वाटेत कसे थांबवून विचारले, हे ती अशा थाटात सांगे, की जणू खजिना तिच्याच लग्नाच्या खर्चासाठी लुटला होता. 'तेव्हा तू केवढी होतीस?' असे विचारले की म्हणे, सोळा आखाजी पाहिल्या होत्या.

दुसरी खूण फैजपूरची. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झाले. अध्यक्ष पंडित नेहरू होते आणि त्याच्या तयारीसाठी साने गुरुजींनी गावोगाव पायपीट केली होती. आजीचे वडील शिंदखेड्याहून रेल्वेने त्या अधिवेशनाला गेले होते. आजी त्याला 'फैजपूरनी जत्रा' म्हणे. आपल्याला नेले नाही याचा राग तिच्या मनात पंच्याऐंशी वर्षे ताजा होता. का नेले नाही? कारण वर्षा-दीड वर्षाचा धाकटा भाऊ कडेवर होता आणि तो सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते. तान्हे मूल दिवसभर कडेवर घेऊन हिंडणारी मुलगी सात-आठ वर्षांच्या आत नसणार.

या दोन खुणा जुळवल्या की तिचा जन्म १९२८च्या आगेमागे येतो. म्हणजे ती गेली तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि कागदावर तिच्या आयुष्यातली सात वर्षे नाहीशी झाली. हा हिशोब ती जिवंत असताना कोणी मांडला नाही. तिच्या बोलण्यात दोन्ही टोके होती. त्यांना गाठ मारण्याची गरज आम्हांला अर्ज भरताना पडली, आणि तेव्हा ती सांगायला नव्हती.

*

आजीचे माहेर पश्चिम खानदेशात, सासर पूर्व खानदेशात. मूळचा एक खानदेश १९०६ साली इंग्रजांनी असा दोन जिल्ह्यांत वाटला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांची नावे धुळे आणि जळगाव झाली. सासरचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीपासून फार दूर नाही. दोन्हीकडची बोली अहिराणी. घरी सात-आठ एकर जमीन, तीही कोरडवाहू. कापूस, ज्वारी आणि भुईमूग. सालदार ठेवण्याची ऐपत एखाद्याच वर्षी असे. बाकी सारे काम घरच्या हातांनी, आणि त्यांतले पहिले हात तिचे.

आजोबा १९७८ साली गेले. वारसनोंदीचे कागद घेऊन तलाठी चावडीवर बसले, तेव्हा तिन्ही मुलांची नावे लिहून झाली होती आणि मुलींकडून हक्कसोड घ्यावी, असे गावातले चारचौघे सुचवीत होते. आजीला अंगठ्यापुरते बोलावले होते. ती डोक्यावरचा पदर नीट करीत चावडीच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "पहिले मन्हं नाव लिखा, मंग पोऱ्यास्नं." नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा मुलांइतकाच हिस्सा आहे, हे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने केव्हाच ठरवले होते. आजीने त्या कायद्याचे नावही ऐकले नव्हते. तिचा युक्तिवाद निराळा होता: खळ्यात पहिले सूप कोणाचे पडते, ते गावाला विचारा. तिचे नाव पहिले लागले. मुलींनी हक्क सोडायचा की नाही, ते मुली ठरवतील, हेही तिने तिथेच सांगून टाकले. पुढे गावात साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा साठी ओलांडलेली ही बाई तीन महिने पाटी घेऊन बसली. स्वतःचे नाव लिहिता आले त्या दिवशी तिने वर्ग सोडला. बाकीची अक्षरे कोणाची आहेत ते मला काय करायचे, असे तिचे म्हणणे. त्यानंतर तिने कुठेही अंगठा दिला नाही.

अशा आठवणी सांगितल्या की ऐकणारा हसतो आणि म्हणतो, काय खमकी बाई! तिच्या जिभेला धार होती हे खरे. गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला तिने ठेवलेले एक नाव होते आणि निवडणुकीत ती नावे मतपत्रिकेवरच्या नावांहून जास्त चालत. पण प्रेमाची माणसे गेल्यावर त्यांचे कोपरे आपण झिजवून टाकतो. आजीने सुनांना सुखाने नांदू दिले असे म्हणता येणार नाही. थोरल्या सुनेला पहिल्या दोन आखाजींना माहेरी पाठवले नव्हते, आणि त्याचे कारण शेवटपर्यंत कोणाला कळले नाही. स्वतः फैजपूरला न नेल्याचा राग धरणारी बाई दुसरीला घरात अडवून ठेवू शकते, ही गोष्ट आम्हांला तिच्या धाडसाइतकीच महत्त्वाची वाटते. इतिहास लिहायचा तर दोन्ही लिहिले पाहिजे.

आणि या दोन्हींना धरून ठेवणारी एक जागा तिच्यापाशी होती: तिच्या ओव्या. जात्याला अहिराणीत 'घट्या' म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून सुमारे पंचवीस वर्षे, गावात विजेची गिरणी येईपर्यंत, ती रोज पहाटे घट्यावर बसली. बोलताना ती निखळ अहिराणी बोले. ओवीत मात्र मराठीची भाषा मिसळलेली असे. पंढरी, विठू, रखुमाई यांच्याबरोबर कीर्तनातले शब्द येत आणि मधेच एखादे अहिराणी क्रियापद पाय रोवून उभे राही. त्या ओव्यांत भाऊ होता, माहेरची वाट होती, सासू होती. आणि पुढे ती स्वतः सासू झाल्यावर सुनेच्या तोंडची ओवीही तिनेच म्हटली. गिरणी आल्यावर घट्या डाळ भरडण्यापुरता आणि लग्नाच्या हळदीपुरता उरला, तशा ओव्याही लग्नाच्या हळदीपुरत्या उरल्या. बाकी गाणी आखाजीच्या झोक्यावर आणि श्रावणात कानबाईपुढे म्हटली जात. आमच्या लहानपणी ही गाणी घरात होती, पाण्याच्या माठासारखी. माठाची चौकशी कोण करतो?

*

नोंद म्हणजे काय, हे खानदेशाला कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. उलट, नोंदीच्या वेडाने झपाटलेली माणसे धुळ्याइतकी थोड्याच गावांना मिळाली असतील. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ रामदास व त्यांच्या संप्रदायाची हस्तलिखिते मिळवण्यात आयुष्य घालवले. ती बाडे आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर पायपीट करून घराघरांतली जुनी दप्तरे उकरली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि एकूण बावीस खंड झाले. राजवाडे यांचा मृत्यू धुळ्यातच झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंदिर उभे राहिले. आम्हांपैकी एक जण आजही विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाते आणि कागद कसा हाताळावा ते दाखवते.

कागदाच्या या वेडाला एक मर्यादा होती. ते कागद असेल तिथेच चालते. दप्तर असलेले घर देशमुखाचे, कुलकर्ण्याचे, मठाचे. ज्या घरात दप्तर नाही, त्या घराशी या इतिहासाला बोलताच येत नाही.

पण तोंडचा शब्द कागदावर आणण्याची वाटही धुळ्यातच घालून दिली गेली. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. विनोबा लिहीत नव्हते, बोलत होते. समोर बसलेल्या साने गुरुजींनी ते बोलणे भराभर उतरून घेतले, आणि 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्याला मिळाला. गुरुजींचा हात त्या दिवशी थकला असता, तर ते अठरा रविवार तुरुंगाच्या भिंतींत विरून गेले असते. याच गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्याही मोठ्या आस्थेने जमवल्या आणि 'स्त्री जीवन' या नावाने त्यांचा संग्रह सिद्ध केला. आजीच्या सासरच्या तालुक्याचे गाव असलेल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते.

या दोन नोंदींत एक फरक आहे, आणि आम्ही तो वर्गात बरीच वर्षे न सांगता पुढे गेलो. 'गीता प्रवचने'वर बोलणाऱ्याचे नाव आहे. ओव्यांच्या संग्रहात बहुधा ओवी असते, गाणारीण नसते. ओवी 'समाजाची', 'परंपरेची', 'अनामिक स्त्रीमनाची' असे आपण म्हणतो आणि त्यात काही उदात्त सांगितल्यासारखे वाटते. ती बाई मात्र अनामिक नसते. तिला नाव असते. ते विचारलेले नसते. या चुकीची दुरुस्ती पुढे झाली ती पुण्याहून. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत गाणारणीचे नाव आणि गाव नोंदवण्याचा कटाक्ष ठेवला गेला. ओवी म्हणणारी बाई तिथे साधन राहिली नाही, कवयित्री झाली.

*

जळगावात असे एक नाव आम्हां सर्वांच्या ओठांवर आहे. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला महाजनांच्या घरी जन्मल्या. जन्म नागपंचमीचा, असे सांगतात. सणावरून काळ धरण्याची रीत इथेही तीच. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, तिशीच्या आसपास विधवा झाल्या, शेत आणि मुले यांच्यामागे खपल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्यांनी गाणी रचली. थोरल्या मुलाहून धाकटे सोपानदेव स्वतः कवी झाले. त्यांनी आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही गाणी उतरून ठेवली. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीत पस्तीस कविता होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून ते स्थापन झाले आणि २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव त्याला देण्यात आले.

दोन गोष्टी इथे स्पष्ट कराव्याशा वाटतात, कारण दोन्हींबाबत घोळ आहे. पहिली भाषेची. खानदेशाबाहेरचे वाचक, आणि कधी कधी आतलेही, बहिणाबाईंची भाषा अहिराणी असे सांगून मोकळे होतात. ती अहिराणी नव्हे. ती जळगावच्या पूर्वेकडची लेवा गणबोली, वऱ्हाडीशी नाते सांगणारी. त्यांच्या गाण्यात जात्याला 'घरोट' म्हटले आहे. आमच्या घरी तोच 'घट्या'. एवढ्याशा प्रदेशात एकाच दगडाला दोन नावे असतील, तर त्याच्यावर म्हटलेल्या गाण्यांच्या किती तऱ्हा असतील, याचा अंदाज करावा. ग्रिअर्सनने १९०७ साली भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीला भिल्ली भाषांबरोबर बसवले, आणि तेव्हापासून अहिराणी मराठीची की निराळी हा वाद चालू आहे. या वादावर निबंध पुष्कळ झाले. अहिराणी मुलखातल्या घट्यावरच्या गाण्यांना मात्र सोपानदेवांसारखा लिहून घेणारा क्वचितच मिळाला.

दुसरी गोष्ट 'चमत्कारा'ची. निरक्षर बाईने अशी कविता करावी हा चमत्कार, असे आपण सत्तर वर्षे म्हणत आलो. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, यात शंका नाही. पण त्या निरक्षर होत्या म्हणजे असंस्कृत नव्हत्या. कीर्तने, पोथ्या, कथा आणि घराघरांत पहाटे चालणाऱ्या ओव्या यांचे फार मोठे विद्यापीठ त्यांच्या अवतीभवती भरलेले होते, आणि त्या विद्यापीठात पूर्व-पश्चिम खानदेशातल्या हजारो बाया बसल्या होत्या. सगळ्याच बहिणाबाई नव्हत्या. तरी त्या सगळ्या असल्यामुळे बहिणाबाई होऊ शकल्या. या गोष्टीतला खरोखरीचा चमत्कार दुसऱ्याच ठिकाणी आहे: आईचे गाणे हे गाणे आहे, असे मुलाला तिच्या हयातीत वाटले. तो कवी होता, त्याला स्वतःच्या कवितेचे वेड होते, आणि तरी त्याने वहीत आईचा शब्द उतरवला. घरातल्या माणसाकडे असे पाहणे फार कठीण असते. किती कठीण, ते आम्ही आता सांगतो.

१९५२ सालीच अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी. मराठी शब्दांच्या व्युत्पत्ती शोधण्यात हयात घालवलेला हा माणूस व्यासपीठावर बोलत होता, तेव्हा तिथून काही कोसांवरच्या एका घरात चोवीस वर्षांची एक सून पहाटे घट्यावर बसून म्हणत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्यात दोघांचाही दोष नाही. आम्हांला मात्र दोघांचाही पत्ता होता.

*

२००६ ते २००८ ही दोन वर्षे आम्हांपैकी एकीने लोकगीतांवरच्या संशोधनासाठी गावे पालथी घातली. हातात टेपरेकॉर्डर, पिशवीत कॅसेटी, वहीत छापील प्रश्नावली. गाणारणीचे नाव, वय, माहेर, सासर, गाणे कोणाकडून शिकली. पद्धत अगदी निर्दोष होती. चाळीसहून अधिक बायांची गाणी जमली; प्रबंधाच्या परिशिष्टात त्यांची नावे आदराने छापली. दुसरा त्याच वेळी बहिणाबाईंच्या कवितेतल्या शेतीविषयक शब्दांची यादी करीत होता. दोघेही सुट्टीत आजीकडे जात होतो, तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत खात होतो आणि अंगणात बसून कॅसेटी ऐकत होतो.

एका संध्याकाळी आजी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत बसली होती. कॅसेटमधली बाई एका ठिकाणी अडखळली, तशी आजीने पुढचा चरण मोठ्याने म्हणून टाकला. आम्ही कौतुकाने हसलो. कॅसेट संपल्यावर ती म्हणाली, "त्या बायास्नं लिखी उनी, आनि मन्हं?" त्यावर आम्ही जे उत्तर दिले ते आमच्या दोघांच्याही कानांत आजवर आहे. आम्ही म्हटले, "तुझं काय घाई आहे? तू तर घरचीच!"

ती पुढे काही बोलली नाही, शेंगा फोडत राहिली. जिने चावडीवर पहिले नाव आपले लावून घेतले, ती नातवंडांपुढे मात्र थांबली. तेव्हा आम्हांला तिचे न बोलणे समजूतदारपणाचे वाटले. आज वाटते, सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी भांडता येते. ओवीवर नाव लावून घ्यायचे तर दुसऱ्याने विचारावे लागते.

प्रबंध पूर्ण झाला, नोकऱ्या पक्क्या झाल्या, लग्ने झाली, मुले झाली. दर दिवाळीला ठरे की यंदा बसायचे. दर दिवाळीला दुसरे काही निघे. २०१९च्या उन्हाळ्यात एकदाचे बसलो, तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती. टेपरेकॉर्डर केव्हाच अडगळीत गेला होता. मोबाईल समोर ठेवला. ती आधी हसली. "कागदवर गानं ऱ्हास का रे भो?" असे म्हणून तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला चरण आला, दुसरा तिसऱ्यात मिसळला, चौथा आलाच नाही. ती पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच थांबली. चाल मात्र शेवटपर्यंत शाबूत होती. शब्द नसलेल्या जागा ती नुसत्या हुंकाराने भरून काढत होती आणि घट्याचा खुंटा धरल्यासारखा उजवा हात आपोआप फिरत होता. चौदा मिनिटांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यातून अकरा ओव्या पूर्ण हाती लागल्या. नंतर ती थकली, आणि आम्ही 'उरलेल्या पुढच्या खेपेला' म्हणालो. पुढच्या वर्षी कोरोना आला, येणेजाणे बंद झाले, आणि त्यानंतर तिला आमची नावे आठवायची तरी ओव्या आठवेनात.

आम्ही सोपानदेव नव्हतो हे उघड आहे, आणि आजी बहिणाबाई होती असाही आमचा दावा नाही. अकरा ओव्यांवरून कोणाची प्रतिभा ठरत नाही. पण प्रश्न तोच आहे. ती काय होती हे ठरवण्याइतके साहित्यच आम्ही शिल्लक ठेवले नाही. प्रेम आमचे कमी पडले नाही. उलट, प्रेमच आड आले असे वाटते. आजी म्हणून ती इतकी आमची होती की ती आणखी कोणी असू शकते, हे आम्हांला सुचले नाही. परक्या बाईच्या ओवीला आम्ही प्रश्नावलीतून विचारू शकलो, कारण ती परकी होती.

*

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. बाहात्तर वर्षांनी तेच गाव. आम्ही दोघे गेलो, परिसंवाद ऐकले, पुस्तके घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मांडवात न जाता आजीच्या माहेरी गेलो. तिचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा, अजून होते. तोच, ज्याच्यामुळे तिचे फैजपूर हुकले. कमरेत वाकलेले, पण बोलणे स्वच्छ. ते शाळेत गेले होते, त्यामुळे त्यांच्यापाशी शाळेचा दाखला होता. त्यावर गुरुजींनी टाकलेली जन्मतारीख १ जून १९३५. म्हणजे ज्या भावाला कडेवर घेऊन आजी फैजपूरच्या जत्रेला मुकली, त्याचेच जन्मवर्ष सरकारदरबारी तिचे म्हणून लागले होते. भावाचा आकडा बहिणीला कोणी चिकटवला, ते आता कळायचे नाही.

आम्ही त्यांना त्यांच्या आईचे नाव विचारले. त्यांनी ते लगेच सांगितले. अडखळले नाहीत; इतक्या वर्षांत कोणी विचारले नाही म्हणून थोडे नवल मात्र केले. मग म्हणाले, बहिणीच्या ओव्या म्हणजे आईच्याच. ती दळताना मांडीवर निजवायची ना, तिथेच बहिणीच्या कानात गेल्या. काही आजीने स्वतः बांधलेल्याही होत्या. त्यांतली एक खजिन्याच्या उन्हाळ्यातली, भावाला पोलिसांच्या वाटेने येऊ नको असे सांगणारी. तिचा अर्थ त्यांना आठवत होता, शब्द नव्हते. आमच्या अकरांत ती ओवी नाही.

परतताना अमळनेरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत आम्ही वही उघडली. वर आजीचे नाव लिहिले, तिच्या सहीत जसे असे तसे. वय: चौऱ्याण्णव. माहेर, सासर. 'गाणे कोणाकडून शिकली' या रकान्यात तिच्या आईचे नाव लिहिले. मग अकरा ओव्या, अडखळल्या जागांसकट. थोरांच्या इच्छेमुळे घरातली नावे इथे छापत नाही. वहीत ती आहेत, आणि वहीची एक प्रत आम्ही दोघांनी आपापल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली आहे.

यंदापासून लोकसाहित्याच्या तासाला आम्ही दोघांनीही एक स्वाध्याय ठेवला आहे. परगावी जाऊन गीते गोळा करायची नाहीत. आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईचे नाव, तिच्या आईचे नाव, आणि तिला येत असलेले एक गाणे, एवढे लिहून आणायचे. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक वह्यांत दुसरा रकाना कोरा आला. तो भरण्यासाठी पोरांना पुन्हा घरी पाठवले आहे.